आई-बाबांना घेऊन अमेरिकेत भटकायचं: आरव्ही घ्यावी की मोटेलात राहावं?

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसजवळ राहणारं कुटुंब, नवरा-बायको आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुलं. जुलैत साताऱ्याहून आई-बाबा येणार आहेत. दोघंही सत्तरीच्या आसपास, आईंचे गुडघे दुखरे, घरात सगळे शाकाहारी. लास व्हेगासपर्यंत विमानानं जायचं आणि तिथून सात रात्रींत झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही राष्ट्रीय उद्यानं आणि वाटेवरचं पेज हे गाव बघून परत यायचं. सहा जणांना एकत्र राहता येईल, घरचं जेवता येईल म्हणून आरव्हीचा, म्हणजे आतच खाटा, स्वयंपाकघर आणि संडास असलेल्या मोठ्या गाडीचा, विचार चालू आहे. आरव्ही स्वस्त पडेल का, आणि झेपेल का?

या सहलीसाठी आरव्ही घेऊ नका. मिनीव्हॅन भाड्यानं घ्या, या उद्यानांच्या मधल्या कॅनॅब गावी स्वयंपाकघर असलेली जागा चार रात्रींसाठी घ्या आणि उरलेल्या तीन रात्री मोटेलात काढा. आरव्ही वाईट म्हणून हे सांगत नाही. तुमचा मार्ग, तुमची माणसं आणि जुलै महिना हे तिन्ही तिच्या विरोधात आहेत. यांतली एक गोष्ट बदलली तर उत्तरही बदलू शकतं, ते पुढे येईलच.

आधी पैसे, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच असतो. "हॉटेलचं भाडं वाचतं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. आरव्हीचं रोजचं भाडं दिसतं तेवढंच नसतं. क्रूझ अमेरिकासारख्या मोठ्या कंपन्या मैलामागे वेगळे पैसे लावतात, भांडी-चादरींचं किट वेगळं, जनरेटरचे तास वेगळे, आणि रात्री गाडी उभी करायला कॅम्पग्राउंडचं भाडं वेगळं. तुमची फेरी सरळ मोजली तर सव्वाआठशे मैलांच्या आत आहे, इकडेतिकडे फिरणं धरून हजार मैल समजा. हिशेबासाठी मध्यम दर धरू, तुमच्या तारखांचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला. भाडं रात्रीला २०० डॉलर, म्हणजे १,४००. मैलाला ४० सेंट, म्हणजे ४००. किट आणि तयारी शुल्क ३००. जादा विमा १५०. पंचवीस-अठ्ठावीस फुटी आरव्ही गॅलनला नऊ मैलांच्या आसपास चालते, म्हणजे १११ गॅलन पेट्रोल; चार डॉलरच्या भावानं ४४५. कॅम्पग्राउंड सरासरी ६५ डॉलर रात्रीला, ४५५. कर दीडशे. झाले ३,३००. किराण्याचे ३५० धरले की ३,६५०.

आता मोटेल. दोन खोल्या, प्रत्येकी १५० डॉलर, सात रात्री म्हणजे २,१००. त्यावर १३ टक्के कर धरला तर २७३. मिनीव्हॅन करासह ६५०. गॅलनला २५ मैल देणाऱ्या गाडीला पेट्रोल १६०. सकाळचा नाश्ता मोटेलात फुकट धरून सहा जणांचं बाहेरचं जेवण रोज १२०, म्हणजे ८४०. एकूण ४,०२३. इथे आरव्ही पावणेचारशे डॉलरनी स्वस्त दिसते. पण दोन खोल्यांऐवजी दोन क्वीन खाटा, एक सोफा-बेड आणि स्वयंपाकघर असलेली जागा २३० डॉलरला मिळाली आणि जेवणाचा खर्च ४५० वर आला, तर हीच बेरीज ३,०८० च्या आसपास येते. तुमच्या बाबतीत तशी जागा चार रात्री नक्की मिळवता येते, म्हणजे दोन्ही पर्याय जवळपास सारखे पडतात.

हाच हिशेब चार जणांसाठी करून बघा. दोन क्वीन खाटांची एकच खोली पुरते, राहण्याचा खर्च निम्म्यावर येतो. आरव्हीचा खर्च मात्र माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही. जोडप्यासाठी तर भाड्याची आरव्ही स्वस्त पडण्याची शक्यता जवळपास शून्य. मोटेलात दुसरी खोली घ्यावी लागते तिथून पुढेच आरव्हीचा पैशाच्या बाजूनं विचार करावा. त्याआधी ती हौस आहे. हौस असायला हरकत नाही, फक्त तिला बचत म्हणू नये.

तुमच्या मार्गावरची मोठी अडचण एका बोगद्याची आहे. झायनमधून पूर्वेला ब्राइसकडे जाणारा रस्ता १९३० मध्ये खुल्या झालेल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो. लांबी १.१ मैल. कमानीचा आकार जुन्या गाड्यांच्या बेतानं ठेवलेला. पूर्वी मोठ्या गाडीसाठी १५ डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून तिला मधोमध सोडायचे. जून २०२६ पासून ही सोय बंद करून मोठ्या गाड्यांना उद्यानाच्या त्या रस्त्यावरूनच वगळलं आहे. उंची ११ फूट ४ इंच आणि रुंदी ७ फूट १० इंच या मर्यादा, आणि रुंदीत आरसे, गाडीच्या बाजूला सावलीसाठी उघडणारा छज्जा सगळं मोजतात. भाड्याच्या नेहमीच्या क्लास सी आरव्हीची, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेल्या गाडीची, उंची बारा फूट असते आणि रुंदी आरसे न धरताच आठ फुटांच्या वर. ती दोन्हीकडून नापास. मग झायनहून ब्राइसला जायला परत आंतरराज्य १५ वर येऊन उत्तरेला जायचं आणि रस्ता क्र. २० नं डोंगर ओलांडून पॅंग्विचमार्गे उतरायचं. सरळ अंतर ८५ मैलांच्या आसपास, हा वळसा निदान पन्नास-साठ मैलांनी जास्त, आणि बोगद्यापलीकडचा चेकरबोर्ड मेसा या खडकाळ डोंगराजवळचा सगळ्यात देखणा तुकडा हुकतो. जुन्या माहितीवर विसंबलेले लोक अजूनही "पंधरा डॉलर भरा आणि जा" असं सांगताना आढळतात. ते धरून निघू नका.

असे रस्ते पश्चिमेत बरेच आहेत. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. सेक्वोयात पायथ्याकडून जायंट फॉरेस्टला चढणाऱ्या रस्त्यावर २२ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नका असं उद्यानच सांगतं. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत आरव्ही नेण्यावर काही भाड्याच्या कंपन्यांचीच बंदी असते. व्हेगासहून निघणाऱ्यांनी ही अट करारात आधी शोधावी. म्हणून मार्ग आधी आणि गाडी नंतर ठरवायची. लोक उलटं करतात.

वेळेचा हिशेब पैशाहून महाग पडतो. आरव्ही साधारण दुपारी एकनंतर ताब्यात मिळते आणि परत करताना सकाळी अकराच्या आत द्यावी लागते. गाडी समजावून घ्यायला, काच-पत्र्यावरचे जुने ओरखडे फोटोत टिपायला तास-दीड तास जातो. मग किराणा. पहिल्या दिवशी झायनपर्यंतचे १६० मैल गाठायचे म्हटले तर अंधार पडतो, आणि एवढी गाडी पहिल्यांदाच अंधारात मागे घेत जागेवर लावणं हा नवरा-बायकोच्या भांडणाचा हमखास मुहूर्त आहे. सात रात्रींच्या भाड्यात पूर्ण दिवस सहाच मिळतात. नकाशावर दिसणाऱ्या वेळेत पाव भाग मिळवा. चार तास लिहिले असतील तर पाच. रोज सकाळी पाणी, वीज, मैलापाण्याचा पाइप सोडवणं, कपाटं-फ्रीजच्या कड्या लावणं, उभ्या गाडीत जागा वाढवायला बाहेर येणारी भिंत आत घेणं यांत अनुभवी माणसाचा अर्धा तास आणि नवख्याचा तास जातो. संध्याकाळी तेच उलट्या क्रमानं. तुमच्या बेतात जागा चार-पाच वेळा बदलते. एका जागी एकच रात्र असेल तर आरव्हीचा सगळा फायदा या उठाठेवीत संपतो. निदान तीन रात्री एका जागी हव्यात.

यातच दुसरी गोष्ट दडलेली आहे. आरव्हीनं गेलात की जवळ छोटी गाडी नसते. दूध आणायचं, सूर्योदय बघायला दहा मैल जायचं, बाबांना दुपारी परत सोडायचं, प्रत्येक वेळी अख्खं घर उचलून न्यावं लागतं.

आता माणसं कुठे बसणार ते पाहा. "सहा जण झोपू शकतात" म्हणजे सहा जण सुरक्षित प्रवास करू शकतात असं नव्हे. खाटा मोजू नका, पट्टे मोजा. पुढे चालक आणि शेजारी, हे दोन. उरलेले चार जेवणाच्या टेबलाच्या दोन बाकांवर, त्यांतला एक बाक पुढे तोंड करून आणि दुसरा मागे. मुलांची सीट बाजूला किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर लावायची नाही, म्हणजे पुढचं बघणारा बाक मुलांचा. बूस्टर सीटला कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे लागतात, आणि या बाकांवर बहुधा फक्त कमरेचा असतो. पाच वर्षांच्या मुलासाठी तिथे बूस्टर चालणार नाही, स्वतःचा पाच टोकांचा पट्टा असलेली सीट लागेल, आणि तीही बाकाची चौकट पक्की असेल तरच. नऊ वर्षांचं मूल चार फूट नऊ इंचांपेक्षा कमी असेल तर त्याचाही प्रश्न उरतोच. आणि उलट्या तोंडाच्या बाकावर कोण? एक आजी किंवा आजोबा आणि तुमच्यापैकी एक जण, घाटात, मागे बघत. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर आडवं होणं हा त्यावर उपाय नाही. ब्रेक लागला की झोपलेला माणूस पुढे फेकला जातो.

जुलैचा ताप वेगळाच. डॅशबोर्डमधला एसी पुढच्या दोघांपुरता. मागे गारवा हवा तर छतावरचा एसी, त्याला चालत्या गाडीत जनरेटर लावावा लागतो आणि तो गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल खातो. टाकी पावावर आली की जनरेटर आपोआप बंद पडतो. रस्त्यात अडकू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते, बिघाड समजू नका. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसेल तर रात्री जनरेटर बंदच ठेवावा लागतो. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला मुळातच मनाई आहे, तिथे वीज असलेलीच जागा हवी. ब्राइस आठ हजार फुटांवर आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजारांवर आहे, तिथे रात्री गार असतात. व्हेगास आणि पेजला मात्र एसीशिवाय आई-बाबांना झोप लागणार नाही.

झोपण्याची व्यवस्था: चालकाच्या डोक्यावरचा पलंग मुलांचा, शिडीनं चढायचा, पाच वर्षांच्या मुलासाठी कडेला जाळी लावून. टेबल मोडून होणारी खाट तुमची, म्हणजे रोज रात्री जेवण आवरल्याशिवाय अंथरूण नाही. मागची खाट आई-बाबांची. लहान गाड्यांत ती बहुतेक वेळा कोपऱ्यात असते, त्यामुळे भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. न्हाणीघरात गुडघे दारावर टेकतात. आत चढायच्या पायऱ्या उंच. आईंच्या बाजूनं आरव्हीत एकच मोठी जमेची गोष्ट: रस्त्यात कुठेही संडास चार पावलांवर. वयस्कर माणसांसाठी ती लहान गोष्ट नव्हे, पण या मार्गावर मिनीव्हॅननंही दर तासा-दीड तासाला सोय होते.

घरचं जेवण हे तुमचं खरं कारण दिसतं, म्हणून त्यावर थोडं जास्त. आरव्हीत तीन बर्नरची गॅसची शेगडी असते. कुकर, पोहे, खिचडी, थालीपीठ सगळं होतं. फोडणी टाकायच्या आधी छतावरचा पंखा चालू करून खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा गजर सहा फुटांवर आहे. तो गजर बंद करून स्वयंपाक करू नये. त्याच्या शेजारी कार्बन मोनॉक्साइडचाही असतो, आणि जमिनीलगत प्रोपेन गळतीचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, हेही लक्षात ठेवा. अडचण विजेची जास्त येते. मध्यम आरव्हीची जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॅट. एसी दीड-पावणेदोन हजार खातो, इंडक्शन १,८००, वर बॅटरी चार्जर. म्हणजे एसी चालू ठेवून इंडक्शन लावलं की ब्रेकर पडला. घरून इंडक्शन नेऊ नका, गॅसवरच करा. मायक्रोवेव्ह आणि केटल एकाच वेळी लावू नका. पाणी तापवण्याचं बटण विजेवरून गॅसवर करा. फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर तो थंड व्हायला सहा ते बारा तास घेतो आणि गाडी तिरकी उभी असली तर नीट चालत नाही. म्हणून चाकांखाली ठोकळे घालून गाडी सपाट करणं हे पहिलं काम. त्याआधी बाहेर येणारी भिंत उघडायची नाही. ताब्यात घेतल्या घेतल्या दूध-दही भरून निघालात तर रात्रीपर्यंत दही आंबलेलं असेल.

पाण्याची गणितं कोणी आधी सांगत नाही. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची ३० च्या आसपास, संडासाची तेवढीच. शॉवर मिनिटाला दोन गॅलन धरला तर पाच मिनिटांची एक आंघोळ दहा गॅलन, सहा जणांच्या आंघोळीत साठ. टाकी तीस. आंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात करायच्या, आणि उद्यानांतल्या काही कॅम्पग्राउंडवर शॉवर नसतो हे जागा ठरवताना बघायचं.

संडासाच्या टाकीचं काम घाण असलं तरी अवघड नाही, क्रम चुकला तर मात्र अवघड. हातमोजे घाला. झाकण काढण्याआधी दोन्ही झडपा बंद आहेत का ते हातानं ओढून पाहा. तीन इंची पाइप गाडीला पिळून घट्ट बसवा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर वजन. आधी संडासाची झडप उघडा, वाहण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे तेच साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. शेवटी संडासाच्या टाकीत दोन-तीन गॅलन साधं पाणी आणि औषध घाला. कॅम्पग्राउंडवर मैलापाण्याची जोडणी असली तरी संडासाची झडप उघडी ठेवून देऊ नका. पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी साचून डोंगर होतो, आणि तो काढायचा खर्च भाडेकरूच्या माथी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. भरल्याचं दाखवणारे दिवे कागद चिकटून खोटं सांगतात, म्हणून दिवस मोजा: सहा माणसं, दोन दिवस. आपल्याकडच्या पाणी वापरण्याच्या सवयीनं टाकी लवकर भरते, पण आतलं पातळ राहतं, ते चांगलंच आहे. जपायचं ते जमिनीला. तिथे जाळी नसते, प्लायवूड असतं. तांब्यानं सांडलेलं पाणी फळीत मुरलं की नुकसानीचं बिल येतं. हातात धरायची लहान बाटली न्या. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप आणि डंप स्टेशनवर, म्हणजे मैलापाणी सोडायच्या जागी, धुण्यासाठी ठेवलेला पाइप यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका.

विम्याबद्दल एवढंच: छताला आणि गाडीच्या पोटाला झालेली इजा बहुतेक करारांत वगळलेली असते, आणि नवख्याकडून नेमकं छतच घासतं, ड्राइव्ह-थ्रूमध्ये किंवा झाडाच्या फांदीला. छज्जा वाऱ्यानं उलटतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दुपारी अचानक वादळी पाऊस येतो, त्यामुळे फिरायला जाताना छज्जा आत घेऊनच जा. क्रेडिट कार्डाचा भाडे-विमा आरव्हीला सहसा लागू होत नाही.

आता तुम्ही काय करावं ते. कॅनॅब हे यूटाच्या दक्षिण टोकाचं छोटं गाव. तिथून झायनचं मुख्य खोरं बोगद्यातून तासाभरावर, ब्राइस पाऊणशे-ऐंशी मैल, पेज तेवढंच दुसऱ्या दिशेला. छोटी गाडी असल्यामुळे एका जागी सामान ठेवून तिन्ही दिशांना जाता येतं, आणि आई-बाबांना एखादा दिवस घरीच थांबायचं असेल तर ते थांबू शकतात. पहिली रात्र व्हेगासला, पुढच्या चार कॅनॅबला स्वयंपाकघर असलेल्या तळमजल्याच्या घरात. सहाव्या दिवशी सकाळी पेज बघत, कॅमरनवरून डेझर्ट व्ह्यूच्या दरवाजानं ग्रँड कॅन्यन, आणि शेवटच्या दोन रात्री उद्यानाच्या दाराशी असलेल्या टुसायानला, महाग वाटलं तर तासभर लांब विल्यम्सला. आठव्या दिवशी व्हेगासपर्यंत २८० मैल आहेत, विमान संध्याकाळचं घ्या. पेजला कुठल्याही मार्गदर्शित फेरीची वेळ घेताना एक बघा: उन्हाळ्यात यूटा, पेज ज्यात आहे त्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, आणि नाव्हाहो आदिवासींच्या प्रदेशात घड्याळ यूटाप्रमाणे. मोबाइल दोन्हींमध्ये उड्या मारतो.

मोटेल निवडताना चित्रांपेक्षा चार गोष्टी विचारा, शक्यतो फोनवर. खोली तळमजल्यावर आहे का. दोन मजली मोटेलांत लिफ्ट बऱ्याचदा नसते. न्हाणीघरात टब आहे की सपाट शॉवर. टबाचा काठ गुडघ्याइतका उंच असतो आणि आईंना तोच नडेल, म्हणून वॉक-इन शॉवरची खोली मागून घ्या. दोन खोल्या आतल्या दारानं जोडलेल्या मिळतील का. नुसत्या "शेजारी" म्हटल्या तर मध्ये व्हरांडा येतो. आणि रद्द करण्याची मुदत किती. साखळीतल्या हॉटेलांत ती एक-दोन दिवसांची असते, उद्यानाजवळच्या स्वतंत्र मोटेलांत आठवड्याची किंवा जास्तही. चार माणसांच्या खोलीत सहा जण न सांगता राहू नका, ही अग्निसुरक्षेची मर्यादा असते. फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असलेल्या साध्या खोलीत भात-खिचडीपुरता इलेक्ट्रिक कुकर चालेल का ते विचारून घ्या. इंडक्शन किंवा उघडी शेगडी बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि खोलीत फोडणी दिली तर वासाच्या सफाईचे शे-दोनशे डॉलर कार्डावर लागू शकतात. मालक गुजराती निघण्याची शक्यता बरीच आहे, अमेरिकेतल्या मोटेल धंद्यात पटेल मंडळींचं बस्तान अर्धशतकाहून जुनं. त्यांच्याशी बोलायला संकोच करू नका, पण फोडणीची सूट गृहीत धरू नका.

खोलीत शिरल्यावर सामान आधी न्हाणीघरात ठेवा. गादीची उशाकडची शिवण उलटून मोबाइलच्या उजेडात पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण. शेजारची खोली घेऊ नका, दुसऱ्या बाजूची मागा. एसी सुरू करून पाच मिनिटं आवाज ऐका, बदलायचं असेल तर सामान उघडण्याआधीच.

माझा कौल उलटा कधी? एक, यलोस्टोनला जात असाल तर. तिथे उद्यानातल्या खोल्या फार आधी संपतात आणि बाहेरच्या गावातून रोज ये-जा करण्यात दिवस जातो. फिशिंग ब्रिजचं कॅम्पग्राउंड पाणी-वीज-मैलापाण्याच्या जोडणीसह आत आहे. अस्वलांमुळे तिथे तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते. चार-पाच रात्री तिथे राहणार असाल, माणसं चाळिशीतली असतील, तर आरव्ही जिंकते. दोन, फक्त झायन आणि ग्रँड कॅन्यन अशा उद्यानांत प्रत्येकी तीन रात्री. दोन्हीकडे फुकट शटल आहे, गाडी जागची हलवावी लागत नाही. झायनला वॉचमन आणि दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेज. वॉचमनची आरक्षणं सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्याच्या तारखा लगेच उडतात, त्यामुळे यंदाच्या जुलैसाठी हा मार्ग बहुधा बंदच असेल. तीन, मुलांना आरव्हीत झोपायचंच असेल तर खासगी मालकांकडून भाड्यानं मिळणाऱ्या गाड्या पाहा. त्यांतले काही मालक खासगी कॅम्पग्राउंडवर गाडी आणून, सपाट करून, जोडण्या लावून देतात आणि नंतर घेऊन जातात. चालवायचं काही नाही, मिनीव्हॅन जवळ राहते, मैलाचे पैसे नाहीत. कॅनॅबच्या चार रात्रींपैकी दोन अशा काढता येतील, आई-बाबा घरात आणि तुम्ही चौघं गाडीत. केओए या साखळीच्या कॅम्पग्राउंडवर लाकडी केबिनही असतात, काहींत न्हाणीघर आणि छोटं स्वयंपाकघर असतं. कॅम्पफायरची हौस तिथेही भागते.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. पहिलं ग्रँड कॅन्यन, कारण जागा तिथेच सगळ्यात कमी. मग कॅनॅबचं घर, मग मिनीव्हॅन, शेवटी व्हेगास. भाड्याच्या मुलांच्या सीटवर अवलंबून राहू नका, पाच वर्षांच्या मुलाची सीट विमानात सामानातून फुकट नेता येते. मिनीव्हॅन सात आसनी असली तरी सगळी आसनं उभी असताना मागे सामानाला फार जागा उरत नाही. सहा जणांसाठी चार मध्यम बॅगा ही मर्यादा धरा, आणि कुकर घ्यायचा असेल तर तीन.